पक्ष गेला, पुढारी उरला

अमेरिकेतील रिपब्लिकन पक्ष हा स्थितिवाद्यांचा पक्ष आहे, असे आपल्याकडील वृत्तपत्रे इतक्या सहजतेने लिहून जातात, की त्या विधानाला पुरावा मागावा असे कोणाला सुचतही नाही. आम्हां वकील मंडळींना मात्र पुरावा मागण्याची खोड असते. जो पक्ष २०२० साली आपल्या राष्ट्रीय अधिवेशनात नवा जाहीरनामा करावयाचाच नाही असे ठरवतो, आणि राष्ट्राध्यक्षांच्या कार्यक्रमाला आमचा पाठिंबा आहे एवढा ठराव करून मोकळा होतो, तो नेमके कशाचे जतन करीत आहे? तत्त्वांचे म्हणावे, तर ती लिहून ठेवण्याचीही त्याला गरज वाटली नाही. संस्थांचे म्हणावे, तर त्यांची काय अवस्था झाली ते पुढे येईलच. एका माणसाची मर्जी सांभाळण्यासाठी जमलेल्या मंडळींना आपल्या भाषेत दरबार असा शब्द आहे. पक्ष हा शब्द त्यांनी वापरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

मी स्वतःला स्थितिवादी म्हणवतो, म्हणून या शब्दावर कोणी डल्ला मारला तर मला ते सोसत नाही. मराठीत या कल्पनेचे पहिल्यापासून हालच झाले. विलायतेतील त्या पंथाच्या पक्षाला आपल्या जुन्या पत्रकारांनी ‘हुजूर पक्ष’ असे नाव ठेवले. त्यात थट्टा होती. कोणी ‘सनातनी’ म्हणतात. मग सोवळेओवळे आठवते. कोणी ‘प्रतिगामी’ म्हणतात. ती तर शिवीच. माझ्या लेखी स्थितिवादी तो, जो माणसापेक्षा संस्थेवर अधिक विसंबतो, कारण माणसाच्या सद्गुणांचा त्याला फारसा भरवसा नसतो, स्वतःच्यासुद्धा. रानडे-गोखल्यांच्या नेमस्त परंपरेचा ज्यांना गंध आहे, त्यांना हा विचार परका वाटू नये. अमेरिकेची घटना ज्यांनी लिहिली त्यांच्या मनात तर हा अविश्वास काठोकाठ भरलेला होता. सत्ता तीन ठिकाणी वाटावी, प्रत्येकाने दुसऱ्यावर नजर ठेवावी, आणि देवदूत राज्य करणार नाहीत हे गृहीत धरूनच घडी बसवावी, हे मॅडिसन यांचे सूत्र होते.

त्या घटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखही नाही. वॉशिंग्टन यांनी १७९६ सालच्या निरोपाच्या संदेशात पक्षबाजीच्या धोक्याविषयी देशाला बजावले, आणि देशाने तो संदेश आदराने जपून ठेवून पक्ष काढले. १८३० च्या सुमारास राष्ट्रीय अधिवेशनाची प्रथा पडली. राज्याराज्यांतून प्रतिनिधी यावेत, त्यांनी चार दिवस भांडावे, सौदे करावेत, फेरीमागून फेरी मतदान करावे, आणि अखेर बहुतेकांना सोसवेल असा एक उमेदवार घेऊन घरी जावे. १८६० साली शिकागोत पहिल्या फेरीत सीवर्ड पुढे होते; तिसऱ्या फेरीत लिंकन निवडले गेले. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅट मंडळींनी १०३ फेऱ्या मतदान करून जॉन डेव्हिस या वकिलाला उमेदवारी दिली, आणि निवडणुकीत तो पडला. हास्यास्पद होते खरे. पण त्या हास्यास्पद घोळात एक गोष्ट होती: उमेदवाराला बरोबर काम करणारी, त्याला जवळून ओळखणारी, उद्या त्याच्याबरोबर बुडणारी माणसे त्याला पारखत होती. त्यांत तालुक्याचे मुकादम होते, दलाल होते, चांगले लोकही होते. अनोळखी माणसाला आत सोडावयाचे की नाही, हे ठरविणारा कोणीतरी दारात बसलेला होता.

अमेरिकेच्या राजकारण्यांपैकी मला आवडणारा कोण, असे कोणी विचारले तर मी विल्यम हॉवर्ड टॅफ्ट यांचे नाव सांगेन, आणि ऐकणारा बहुधा हसेल. स्थूल देहाचा, सभा न जिंकणारा, एकाच कारकिर्दीनंतर घरी बसलेला राष्ट्राध्यक्ष. १९११ साली अॅरिझोनाला राज्याचा दर्जा देणारा ठराव त्यांनी नाकारला, कारण तिच्या नियोजित घटनेत मतदारांनी न्यायाधीशांना परत बोलावण्याची सोय होती. (अॅरिझोनाने कलम गाळले, १९१२ च्या फेब्रुवारीत राज्य पदरात पाडून घेतले, आणि त्याच वर्षी ते कलम पुन्हा घातले. असे अशील आमच्याही परिचयाचे असतात.) १९१२ साली त्यांचेच पूर्वीचे मित्र थिओडोर रूझवेल्ट पुन्हा उमेदवारी मागण्यास उभे राहिले. न्यायालयांचे घटनाविषयक निर्णय मतदारांनी फिरवावेत, असा त्यांचा आग्रह होता. ज्या थोड्या राज्यांत त्या वर्षी प्राथमिक निवडणुका झाल्या, त्यांतील बहुतेक रूझवेल्ट यांनी जिंकल्या. टॅफ्ट यांचे स्वतःचे ओहायोसुद्धा जिंकले. लोकप्रियता सगळी त्यांच्याकडे होती. तरीही शिकागोच्या अधिवेशनाने टॅफ्ट यांनाच उमेदवारी दिली. रूझवेल्ट रागारागाने बाहेर पडले, त्यांनी वेगळा पक्ष काढला, मते फुटली आणि विल्सन निवडून आले. टॅफ्ट यांना दोन राज्ये आणि निर्वाचक मंडळाची अवघी ८ मते मिळाली.

इतका दारुण पराभव पक्षाने डोळे उघडे ठेवून स्वीकारला, कारण अधिवेशनातल्या बहुसंख्यांच्या लेखी निवडणूक हरणे हे न्यायालये गमावण्यापेक्षा स्वस्त होते. त्यांचे हेतू सगळे शुद्ध होते असे मी म्हणत नाही. प्रतिनिधींच्या जागांवरून बरीच दांडगाई झाली. तरी एवढे उघड आहे की, त्या दिवशी एका पक्षाने आपल्या सर्वांत लोकप्रिय माणसाला ‘नाही’ म्हटले, आणि ते म्हणण्याचे सामर्थ्य त्याच्यात होते. आज अमेरिकेत तसे सामर्थ्य एकाही पक्षात उरलेले नाही.

ते गेले कसे, याची हकिगत सांगताना उदारमतवादी मित्र जरा घाईने पाने उलटतात. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्रे यांनी एकही प्राथमिक निवडणूक न लढविता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळविली. शिकागोच्या रस्त्यांवर पोलिसांच्या लाठ्या पडल्या, व्हिएतनामचा संताप पेटलेला होता, आणि हम्फ्रे हरले. मग पक्षाने एक सुधारणा समिती नेमली. सेनेटर मॅकगव्हर्न हे तिचे पहिले अध्यक्ष. समितीने जुन्या पुढाऱ्यांचे अधिकार काढून घेतले, आणि नव्या नियमांनी झालेली पहिली उमेदवारी, १९७२ साली, त्याच मॅकगव्हर्न यांना मिळाली. न्यायाधीशाने निकालपत्र लिहावे आणि हुकूमनामाही आपल्याच नावे काढावा, तसा हा प्रकार. निक्सन यांनी ४९ राज्ये जिंकून त्यांचा निकाल लावला. पण नियम राहिले. राज्यांनी प्राथमिक निवडणुकांचे कायदे केले, ते रिपब्लिकन पक्षालाही लागू पडले, आणि अधिवेशन म्हणजे फुगे सोडण्याचा समारंभ झाला.

‘लोकांच्या हाती सत्ता दिली,’ असे याला म्हणतात. कोणत्या लोकांच्या? २०१६ साली दोन्ही पक्षांत चुरस असूनही पात्र मतदारांपैकी तिसरा हिस्सासुद्धा प्राथमिक निवडणुकांत उतरला नाही. जे उतरले ते बहुधा अधिक तापलेले, अधिक कडवे. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षात १७ उमेदवार होते. ज्यांची सरशी झाली ते डोनाल्ड ट्रम्प काही वर्षांपूर्वी डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले होते. लोकनियुक्त पद किंवा सैन्यातील हुद्दा त्यांनी कधी भूषविलेला नव्हता. आणि त्या पक्षाच्या प्राथमिक मतदारांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी त्यांना मत दिलेले नव्हते. जुन्या अधिवेशनात हे गृहस्थ दुसऱ्या फेरीपर्यंतही टिकले नसते. पलीकडे डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी जवळजवळ हिरावून नेणारे बर्नी सँडर्स हे सेनेटमध्ये अपक्ष म्हणून बसत आले आहेत. घराचा मालक कोण, हे जेथे रस्त्यावरचा जमाव ठरवतो, तेथे भाडेकरूंनी तक्रार तरी कोणाकडे करावी?

येथे प्रतिपक्षाचा वकील उठून उभा राहील, आणि त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. तो म्हणेल: बंद खोलीतल्या चुरुटाच्या धुरातूनच १९२० साली हार्डिंग बाहेर पडले ना? आणि त्यांच्या मंत्र्याने सरकारी तेलक्षेत्रे लाच खाऊन भाड्याने दिली ना? दिली. पण ते प्रकरण खणून काढले सेनेटने, आणि त्या सेनेटमध्ये बहुमत होते हार्डिंग यांच्याच पक्षाचे. मंत्री फॉल पुढे तुरुंगात गेले. वाईट माणूस निवडला जाणे कोणत्याही पद्धतीत चुकत नाही. निवडल्यावर त्याच्याच पक्षातली माणसे त्याची झडती घेऊ शकतात की नाही, हा खरा प्रश्न. शिवाय त्याच हार्डिंग यांनी १९२१ साली टॅफ्ट यांना सरन्यायाधीश नेमले, हेही त्यांच्या जमेच्या बाजूस लिहावे. जमेची बाजू फार लांब नाही.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. पक्षांच्या त्या जुन्या पहारेकऱ्यांनी काळ्या अमेरिकनाला कित्येक पिढ्या दाराबाहेर ठेवले. याला उत्तर नाही, आणि ज्यांना ते आहे असे वाटते त्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. वर ज्यांचा उल्लेख आला ते जॉन डेव्हिस १९५३ साली सर्वोच्च न्यायालयात दक्षिण कॅरोलिनाच्या वतीने शाळांतील वर्णभेदाच्या बाजूने बोलले. आमच्या व्यवसायातील एका श्रेष्ठ पुरुषाची ती अखेर. १९६४ सालच्या नागरी हक्कांच्या कायद्याविरुद्ध बॅरी गोल्डवॉटर यांनी मत दिले, तेही घटनेचा मुद्दा काढून. ज्या राज्यांनी १८६८ ची चौदावी दुरुस्ती शंभर वर्षे पायदळी तुडविली, त्यांच्या वेळी हा घटनेचा मुद्दा कोठे झोपला होता, असे त्यांना विचारावेसे वाटते. त्या वर्षी खरा स्थितिवादी होता एव्हरेट डर्कसेन. सेनेटमधील रिपब्लिकन अल्पमताचा हा पुढारी विधेयकाच्या बाजूने उभा राहिला, आणि त्याच्या ३३ पैकी २७ सहकाऱ्यांनी चर्चा बंद करण्याच्या बाजूने मत दिले. दक्षिणेतील डेमोक्रॅट सदस्यांचा दीर्घ अडथळा ७१ विरुद्ध २९ मतांनी मोडला तो त्यामुळे. डर्कसेन यांना पक्ष होता म्हणून ते ही मते आणू शकले. आजच्या पुढाऱ्याला अशी २७ मते आणून दाखवा म्हणावे.

पण गोल्डवॉटर यांचे दुसरे चित्रही विसरता येत नाही. ७ ऑगस्ट १९७४. सेनेटर गोल्डवॉटर, सेनेटर ह्यू स्कॉट आणि प्रतिनिधिगृहातील पुढारी जॉन ऱ्होड्स, तिघेही रिपब्लिकन, निक्सन यांना भेटावयास गेले आणि त्यांना वाचविण्याइतकी मते सेनेटमध्ये उरलेली नाहीत, हे त्यांनी तोंडावर सांगितले. दुसऱ्या दिवशी निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला. दोन आठवड्यांपूर्वी ध्वनिफिती हजर करण्याचा एकमुखी निर्णय देणाऱ्या न्यायालयाचे सरन्यायाधीश बर्गर हे निक्सन यांनीच नेमलेले होते. या माणसांना धैर्य होते, हे खरेच; परंतु धैर्याला टेकण्यासाठी भिंतही होती. निक्सन यांच्या रोषाने गोल्डवॉटर यांची अॅरिझोनातील जागा जाणार नव्हती.

आता २०२१ पाहा. ६ जानेवारीला जमावाने कॅपिटॉलमध्ये घुसून निवडणुकीच्या मतमोजणीचे काम बंद पाडले. प्रतिनिधिगृहाने १३ जानेवारीला महाभियोग संमत केला. ट्रम्प यांची मुदत २० तारखेपर्यंत होती. सेनेटचे बहुमतपुढारी मिच मॅकॉनल यांनी सेनेट तातडीने बोलावण्यास नकार दिला. खटला फेब्रुवारीत चालला, आणि १३ फेब्रुवारीला मॅकॉनल यांनी निर्दोषतेचे मत दिले. का? तर आरोपी आता पदावर नाही, म्हणून सेनेटला अधिकारक्षेत्र नाही! मत देऊन झाल्यावर लगेच त्यांनी भाषणात सांगितले की, घडल्या प्रकाराची व्यावहारिक आणि नैतिक जबाबदारी ट्रम्प यांचीच आहे. अधिकारक्षेत्राचा मुद्दा हे भित्र्या वकिलाचे जुने आश्रयस्थान आहे, हे मी तीन तपांपूर्वी शिकलेल्या ज्येष्ठांच्या तोंडून ऐकले होते. पण स्वतःच उशीर करून त्या उशिराचाच बचाव घेणाऱ्याला आमच्या तालुका न्यायालयातसुद्धा कोणी उभे करीत नाही. सात रिपब्लिकन सदस्यांनी दोषी असे मत दिले. ५७ विरुद्ध ४३ झाले, ६७ हवी होती. २०२४ च्या मार्चमध्ये मॅकॉनल यांनी त्याच ट्रम्प यांच्या उमेदवारीला पाठिंबा दिला. आणि २० जानेवारी २०२५ रोजी, पुन्हा पदावर येताच पहिल्याच दिवशी, ट्रम्प यांनी त्या ६ जानेवारीच्या सुमारे १,५०० आरोपींना माफी किंवा सूट दिली. कायदा आणि सुव्यवस्थेचा पक्ष तो हाच.

मॅकॉनल भ्याले कशाला, याचे उत्तर लिझ चेनी यांच्याकडे मिळते. कर, संरक्षण, न्यायाधीशांच्या नेमणुका, कोणत्याही प्रश्नावर या बाईंना कोणी उदारमतवादी म्हणू शकले नसते. महाभियोगाच्या बाजूने मत दिल्यानंतर त्यांचे पक्षातील पद २०२१ च्या मे महिन्यात काढून घेण्यात आले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये वायोमिंगच्या प्राथमिक निवडणुकीत त्यांना तिसरा हिस्साही मते पडली नाहीत. महाभियोगाला मत देणारे प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन दहा. त्यांपैकी पुढच्या सभागृहात परतले ते दोघे. चौघांनी उभे राहण्याचे टाळले, चौघांना त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी घरी पाठविले.

डेमोक्रॅट मंडळींनी यावर समाधानाने मान डोलावू नये. २०२४ साली बायडन ८१ वर्षांचे होते. त्यांच्या प्रकृतीचे मान जगाला दिसत होते, आणि तरी सर्व प्राथमिक निवडणुकांचे नाटक यथासांग पार पडले. २७ जूनला दूरचित्रवाणीवरील वादविवादात पडदा फाटला. मग पक्षाच्या ज्येष्ठांना आपण पक्ष आहोत हे आठवले. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली. ‘लोकांनी निवडलेला उमेदवार पुढाऱ्यांनी काढला,’ अशी ओरड झाली. मला त्यात दोष एवढाच दिसतो की, हे काम दोन वर्षे आधी व्हावयास हवे होते.

पक्ष पोकळ झाला की विधिमंडळ पोकळ होते, हा या रोगाचा पुढचा टप्पा. (अमेरिकेत काँग्रेस म्हणजे विधिमंडळ, हे आपल्या वाचकांना पुन्हा सांगावे लागते.) त्या काँग्रेसने १९४२ नंतर एकदाही रीतसर युद्ध घोषित केलेले नाही, युद्धे मात्र झाली. आजची अंदाजपत्रकाची पद्धत १९७० च्या दशकात बसली. तेव्हापासून खर्चाची सर्व विधेयके वेळेत संमत झाली ती अवघ्या चार वर्षी. २०२५ साली १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारचा कारभार बंद होता. राष्ट्राचे कर्ज २०२४ च्या अखेरीस ३६ लाख कोटी डॉलरांच्या पुढे गेले, आणि काटकसरीचा जप करणाऱ्या पक्षाच्या राजवटीतही ते वाढत गेले. रेगन यांच्यावर माझा लोभ आहे. पण हिशेबाच्या वहीत लोभ लिहिता येत नाही.

आयातकर बसविण्याचा अधिकार घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदाने काँग्रेसला दिला आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये ट्रम्प यांनी जवळजवळ साऱ्या जगावर कर बसविला, तो १९७७ च्या आणीबाणीविषयक अधिनियमाच्या आधारे. त्या अधिनियमात आयातकर हा शब्दही नाही. ऑगस्टमध्ये भारतीय मालावर ५० टक्क्यांचा बोजा पडला, तेव्हा आपल्याकडे राष्ट्राभिमानाने बरेच लिहिले गेले. हा अधिकार त्या माणसाचा आहे तरी का, असे विचारणारे थोडे. न्यायालयात गेले ते लहान व्यापारी आणि काही राज्ये. ज्या सभागृहांचा हक्क लुबाडला गेला, त्यांनी तो परत घेतला नाही. १९५२ साली ट्रूमन यांनी पोलादाचे कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा ७९ वर्षांच्या जॉन डेव्हिस यांनी कारखानदारांच्या वतीने युक्तिवाद केला आणि न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी राष्ट्राध्यक्षाचा हुकूम रद्द केला. रिपब्लिकन पुढाऱ्यांना तेव्हा केवढा हर्ष झाला होता! बायडन यांनी विद्यार्थ्यांची कर्जे माफ केली, ती २०२३ साली न्यायालयाने अशीच रद्द केली; तेव्हाही झाला.

गोव्यातल्या वाचकाला येथे वाटेल की, बरे झाले, आपल्याकडे तिकीट दिल्लीला ठरते. तेही खरे नव्हे. आपल्याकडे १९८५ साली दहावे परिशिष्ट आणून आमदाराला पक्षाच्या दावणीला बांधले, आणि दोन-तृतीयांशांची फट ठेवली. त्या फटीतून २०१९ साली १५ पैकी १० आणि २०२२ साली ११ पैकी ८ काँग्रेस आमदार गोव्याच्या विधानसभेत पलीकडे गेले. अमेरिकेत असा कायदा नाही, पक्षादेश मोडल्याने कोणाची जागा जात नाही. तरीही तेथील सदस्य आज आपल्या आमदारापेक्षा अधिक घट्ट बांधलेला आहे, भीतीने. निरनिराळ्या वाटांनी दोघेही एकाच गावी पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत राजकारणातील भक्तीविषयी जे बजावले, ते आपण जयंतीला ऐकतो. अमेरिकेला तेव्हा अशा सावधगिरीची गरज नाही, असेच सर्वांना वाटत असावे.

बाविसावी घटनादुरुस्ती १९५१ साली अमलात आली. फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आले, त्यानंतर कोणालाही दोनदाच निवडून येता यावे म्हणून ती केली, आणि १९४७ साली ती राज्यांकडे धाडणाऱ्या काँग्रेसमध्ये बहुमत रिपब्लिकनांचे होते. २०२५ च्या जानेवारीत त्याच पक्षाच्या एका सदस्याने ती सैल करून ट्रम्प यांना तिसऱ्यांदा उभे राहता यावे असा ठराव प्रतिनिधिगृहात दाखल केला. मार्चमध्ये, तिसऱ्या कारकिर्दीचे आपण थट्टेने बोलत नाही, असे ट्रम्प यांनी स्वतः सांगितले. तसल्या ठरावाला दोन-तृतीयांश मते मिळणे अशक्य, हे खुद्द तो मांडणाराही जाणत असेल. तो मतांसाठी मांडलेलाच नव्हता; मालकाने वाचावा म्हणून मांडला होता. १९४७ साली ज्या रिपब्लिकनांनी ती दुरुस्ती लिहिली, ते आज त्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उभे राहिले तर त्यांना किती मते पडतील, हे वायोमिंगला विचारावे.